काळ्याचं पांढरं

मिस्त्रींनी बंपर उलटा केला, आतल्या बाजूला चिंधी मारली आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे साच्यातूनच उठलेली बारीक अक्षरं होती : पीपी, अधिक ईपीडीएम, टीडी 20. म्हणाले, "वाचा. ही याची पत्रिका. ही न बघता रंग मारला की मोडलंच लग्न."

माझं एकदा मोडलं होतं. आधीच्या गाडीचा बंपर एका गॅरेजवाल्याने चकचकीत करून दिला आणि दोन महिन्यांत त्याचा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून आला. नखाने ओढला तर वीतभर पापुद्रा हातात. म्हणून या वेळी नाना पेठेच्या मागच्या एका बोळात, तीन बाय पाच पावलांच्या या दुकानात आलो होतो. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असला की पाय नाना पेठेकडेच वळतात. रंगवणारेही त्याच आसऱ्याने राहतात.

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये ते नीट घडवलं आणि पुढे 1963 चं नोबेल कार्ल झीग्लर यांच्याबरोबर वाटून घेतलं. लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची बहुधा याचीच. बंपरसाठी त्यात ठोकर सोसणारं रबर घालतात, तेच ईपीडीएम. टीडी 20 म्हणजे शंभरात वीस भाग शंखजिऱ्याची पूड. गंमत अशी, की हे प्लास्टिक कुणाला अंगाला चिकटू देत नाही. वर पाणी टाका, अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा होतात. रंगाचंही तेच होतं. कारखान्यात त्यावरून क्षणभर ज्योत फिरवतात, म्हणजे पृष्ठभागाला ऑक्सिजन चिकटतो आणि मग रंग धरतो. मिस्त्रींकडे ज्योतीऐवजी पाण्यासारखा पातळ पीपी प्रायमर असतो. त्यातलं क्लोरिन जोडलेलं प्लास्टिक एका हाताने बंपरला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला. हात पातळच मारायचा. जाड मारला तर तोच थर सुटतो. माझ्या जुन्या गॅरेजवाल्याने बहुधा ही बाटली उघडलीच नव्हती.

स्कूटरच्या पॅनेलची तऱ्हा उलटी. ती बरीचशी एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची. गिऱ्हाईक मात्र सगळ्यालाच 'फायबर' म्हणतं. एबीएस रंग आनंदाने धरतं, पण थिनरला भितं. कडक थिनर लागला की त्यावर केसाएवढ्या भेगा पडतात, आणि त्या वरच्या रंगातूनही दिसतात. छाप सापडली नाही तर मिस्त्री आतल्या कडेची ब्लेडने एक चकती सोलतात आणि काडी लावतात. पीपी मेणबत्तीसारखं जळतं, वासही तसाच. एबीएसची काळी काजळी हवेत तरंगायला लागते. तो धूर विषारी असतो, तेव्हा नाक लांब ठेवलेलं बरं; मिस्त्री ठेवत नाहीत.

प्रत्यक्ष रंग मारायला फार वेळ लागत नाही. दिवस जातो तो धुण्यात. साबण, मग घासणी, मग वॉटर पेपर, आधी चारशे, मग सहाशे. त्यांचा खरा राग गाडी चमकवायच्या पॉलिशवर. त्यातलं सिलिकॉन खाचाखोचांत दडून बसतं आणि ओल्या रंगात मोहरीएवढे खड्डे पाडतं. पावसाळ्यात आणखी एक भानगड : हवेतला दमटपणा लॅकरवर बसतो आणि ते दुधाळ होतं. जुलैत काम घ्यायचं तर ऊन पडायची वाट बघायची. धातूच्या सांगाड्याला कारखान्यात 140 अंशांच्या आसपास भाजतात. प्लास्टिक तिथे वाकडंच होईल. म्हणून इथे हार्डनर घातलेलं लॅकर, आणि फार तर साठ अंशांची ऊब. त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला दम्याची वाट दाखवतं. मिस्त्रींच्या तोंडाला मात्र हातरुमाल. मी बोललो, तर म्हणाले, "मास्क आहे ना." तो खिळ्याला टांगला होता, नवाकोरा.

माझा बंपर रंगीत नव्हताच. मारुती 800 आली 1983 च्या डिसेंबरात, तेव्हापासून स्वस्त मॉडेलला काळा बंपर ही आपल्याकडची रीत. काळा रंग वरून दिलेला नसतो, प्लास्टिकमध्येच काजळी कालवलेली असते. ती ऊन पिते, म्हणून काळं प्लास्टिक जास्त टिकतं. पण वर्षानुवर्षं उन्हात उभं राहिल्यावर वरच्या थरातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तुटतात, सूक्ष्म भेगा पडतात, प्रकाश त्यांत विखुरतो आणि काळ्याचं पांढरं दिसतं. काजळी असते आतच.

मी रंगच मारून घ्यायला आलो होतो. मिस्त्री नाही म्हणाले. एकदा रंग चढला की बंपरची दाणेदार कातडी बुजते, आणि मग दर ओरखड्याला पुन्हा इथे यायचं. पटलं मला. चकचकीत काळा केलेला दाणेदार बंपर मला कलप लावलेल्या मिशीसारखा वाटतो.

त्यांनी हीट गन काढली. वीतभर अंतर, हात सतत चालता. एका जागी थबकला तर तिथे लकाकतं डबकं होतं. राखाडी पट्ट्यावरून गरम हवा पुढे सरकली आणि मागे ओल्या पाटीसारखा काळा रंग उमटत गेला. वरचा थर किंचित वितळून भेगा मिटतात, एवढंच. पोऱ्या कोपऱ्यात साइड पॅनेल घासायचं थांबून बघत राहिला. त्याने हे रोज पाहिलेलं असणार.

"किती दिवस टिकेल?"

"उन्हाला विचारा," मिस्त्री म्हणाले. "वरची ताकद गेली ती गेली. काही महिन्यांनी परत पांढरा होईल. असं दोन-तीनदा चालतं, नंतर कातडी ठिसूळ होते. तेव्हा आणा, रंग मारू."

पैसे विचारले तर त्यांनी हीट गनचा प्लग काढला, जरा विचार केला आणि म्हणाले, "चहा सांगा. तीन."