कारखान्यातील प्रोग्रामरची साधने व त्यांविषयीची मतभिन्नता : तळोजा औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील तळोजा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र असून तेथे रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने आहेत. अशा कारखान्यांत पंप, झडपा व तापमान यांचे नियंत्रण सामान्यतः 'पीएलसी' अर्थात प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर करतो. तो क्रमाने संवेदकांची स्थिती वाचतो, प्रोग्राम चालवितो व यंत्रांना आदेश देतो. हे चक्र काही मिलिसेकंदांत पूर्ण होते. हा प्रोग्राम कोणत्या साधनात लिहावा, याविषयीच्या मतांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लॅडर की मजकूर :
१९६९ च्या सुमारास अमेरिकेत रिलेच्या पॅनेलना पर्याय म्हणून 'मोडिकॉन ०८४' हा नियंत्रक तयार झाला. इलेक्ट्रिशियनला परिचित असलेली रिलेची आकृतीच 'लॅडर' या भाषेचा आधार ठरली. पुढे १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या मानकाने लॅडरसह 'स्ट्रक्चर्ड टेक्स्ट' या मजकुरी भाषेलाही मान्यता दिली.

'सुरू बटण दाबलेले असेल किंवा मोटार आधीच चालू असेल, आणि थांबा बटण दाबलेले नसेल, तर मोटार चालू' हा नियम मजकुरी भाषेत एका ओळीत मावतो, तर लॅडरमध्ये तो शिडीच्या एका पायरीसारखा दिसतो. लॅडरच्या समर्थकांच्या मते, यंत्र चालू असताना कोणता संपर्क तुटला हे पडद्यावर रंगाने तत्काळ कळते. संगणकशास्त्र शिकलेल्यांना मात्र मजकूर सोयीचा वाटतो. कारण गणिती सूत्रे, पुनरावृत्ती, शोध व दोन आवृत्त्यांची तुलना त्यात सुलभ होते.

निवडीची मर्यादा :
इतर क्षेत्रांतील प्रोग्रामर १९९१ चा 'व्हिम' किंवा २०१५ चा 'व्हीएस कोड' यांपैकी कोणताही संपादक निवडू शकतो. फाइल तीच राहते. पीएलसीच्या बाबतीत साधन बहुधा नियंत्रकाच्या उत्पादकाचेच असते. सीमेन्सच्या 'टीआयए पोर्टल'मधील प्रकल्प रॉकवेलच्या 'स्टुडिओ ५०००'मध्ये तसाच उघडत नाही. त्यामुळे यंत्र खरेदी करतानाच संपादकाचीही निवड होऊन जाते. शिवाय अनेक जुन्या नियंत्रकांतून प्रोग्राम परत घेतल्यास टिपा व चिन्हनावे मिळत नाहीत. मूळ फाइल हरवली, तर उरतात केवळ निनावी क्रमांक.

वाचकाचा प्रश्न :
या वादात लिहिणाऱ्याची सोय पुढे येते. वाचणारा मागे राहतो. समजा, रात्रपाळीत शीतजलाचा पंप बंद पडला आणि सुरक्षा-नियमानुसार अभिक्रियापात्राची कच्च्या मालाची झडप मिटली. देखभालीच्या तंत्रज्ञाला कारण उमगले नाही, तर उत्पादन सुरू ठेवण्याच्या दबावाखाली तो नियमच वगळण्याचा धोका असतो. मग थंडावा नसताना माल पात्रात जात राहून तापमान अनियंत्रित होऊ शकते. अशा वेळी प्रोग्रामची सुबोधता हाच सुरक्षेचा भाग ठरतो.

समारोप :
सारांश, दोन्ही मतांत तथ्य आहे. सुरक्षा-नियम व मोटारींचे नियंत्रण लॅडरमध्ये, तर गणिती भाग मजकुरात ठेवणे आणि टिपांसह मूळ फाइल कारखान्याच्या ताब्यात असणे, हा व्यवहार्य मार्ग होय. साधनाचे मूल्यमापन ते लिहिणाऱ्यास किती प्रिय आहे यावरून न करता, बिघाडाच्या वेळी वाचणाऱ्यास ते किती समजते यावरून करणे इष्ट ठरेल.