गाव कुठून कुठे गेले?

मोठ्यांच्या बोलण्याचा मुले भलताच अर्थ लावतात, ते समज कमी म्हणून नव्हे. तीन-चार वर्षांचे मूल ऐकलेल्या शब्दाला आपल्याला ठाऊक असलेला एकुलता एक अर्थ चिकटवते आणि पुढचा तर्क मात्र अचूक चालवते. आजोबा 'देवाघरी गेले' म्हटले, की ते देव्हाऱ्यामागे डोकावते.

मराठीत अशा जागा फार, कारण अशुभ शब्द टाळण्याची जुनी सवय. नारळ फोडायचा नसतो, 'वाढवायचा' असतो. दुकानही बंद न करता 'वाढवतात'. आईची बांगडी 'वाढली' म्हणून मोजायला बसलेल्या मुलीला एक कमीच भरते. पूर्वी पाळी आलेली बाई बाजूला बसली, की 'कावळा शिवला' असे मुलांना सांगत. बिचाऱ्या कावळ्यावर घरातल्या पोरांचा राग निघे. आरतीत तर अर्थाची वाटच कुणी पाहत नाही. गणपतीच्या आरतीतल्या 'फणिवरबंधना'चे 'फळीवर वंदना' पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे, आणि देव फळीवर बसलेला असतो तिथे ते शोभतेही.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीसारख्या गावात या गोंधळाला दोन भाषा मिळतात. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड. कन्नडमध्ये 'ऊट' म्हणजे जेवण. मराठी कानाला ते 'ऊठ' ऐकू येते, म्हणजे जेवायला बोलावलेले मूल बसण्याऐवजी उभे राहते. 'हालु' म्हणजे दूध, पण पोराला वाटते, जागचे हलायला सांगितले. 'हत्ति' म्हणजे कापूस. हत्तीची गाडी आली म्हणून धावलेल्या पोराला वर नुसती बोंदरे दिसतात. चाराला बोलीत 'नाक' म्हणतात, त्यामुळे भाव ऐकताना मुलाचा हात आपसूक चेहऱ्याकडे जातो. तंबाखूच्या या पेठेत चुना तर घरोघरच्या चंचीत असतो. व्यापाऱ्याने 'चुना लावला' असे वडील कळवळून सांगतात, तेव्हा त्यात एवढे वाईट काय, हे मुलाला उमगत नाही.

याहून अवघड राजकारणाची भाषा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. घरात चर्चा निघते, की गाव तिकडे 'गेले', आता इकडे महाराष्ट्रात 'आले पाहिजे'. मुलाच्या लेखी जाते-येते ती एस. टी.; नदी आणि देऊळ जागच्या जागी ठेवून गाव कसे जाईल? 'सीमाप्रश्न' 'सुटत नाही' हे त्याला लगेच पटते, गणितातले प्रश्नही तसेच असतात. 1 नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि सीमाभागातले मराठी लोक 'काळा दिवस' पाळतात. त्या सकाळी स्वच्छ ऊन पडलेले पाहून फसवले गेल्याची भावना झाली, तर दोष मुलाचा नाही.

हे वय सरले तरी गोंधळ सरत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1923 च्या पुस्तकात नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना म्हणींशी जुळणारी वाक्ये निवडायला लावल्याचे नोंदवले आहे. मुले बेधडक चुकीचे वाक्य निवडत आणि त्याला कारणही जुळवून देत. मराठी शाळांत हाच प्रयोग दरवर्षी होतो: वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. 'हातावर तुरी देणे'. उत्तर येते, 'आजीने माझ्या हातावर तुरी दिल्या आणि मी त्या निवडल्या.' वाक्य शुद्ध असते, गुण शून्य मिळतात.