विश्लेषण : वीज नाही, लेथ नाही... तरीही हाताने अख्खी रायफल कशी घडते?

लोखंडाची चपटी पट्टी, मेपल लाकडाची जाड फळी, थोडे पितळ आणि थोडे पोलाद. एवढ्या सामानातून वॉलेस गसलर या अमेरिकी कारागिराने अख्खी रायफल घडवली, तीही अठराव्या शतकातील अवजारे वापरून. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या वसाहतकालीन गावाच्या जिवंत संग्रहालयात त्याची कार्यशाळा होती. त्याच्या कामावर ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा माहितीपट १९६९ मध्ये निघाला. तोवर नळीपासून दस्त्यापर्यंतचे सगळे काम एकहाती करू शकणारे जवळपास उरलेच नव्हते. जुन्या रायफली बारकाईने न्याहाळून ही विद्या पुन्हा मिळवावी लागली.

ही रायफल आली कुठून?

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषक बंदूककार पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात स्थायिक झाले. त्यांची मायदेशातील ‘येगर’ रायफल आखूड आणि मोठ्या तोंडाची होती. नव्या मुलखात तिची नळी लांबत ४० इंचांच्या पुढे गेली आणि तोंड बारीक झाले. गोळी लहान, म्हणजे शिसे आणि दारू कमी. दिवसेंदिवस जंगलात राहणाऱ्या शिकाऱ्याला हे परवडणारे होते. पुढे ‘केंटकी रायफल’ हे नाव रुळले, पण तिचे माहेर पेनसिल्व्हेनियाच. ती फक्त शिकारीसाठी होती असे मात्र नाही. मूलनिवासींच्या जमिनींवर सरकणाऱ्या गोऱ्या वसाहतकारांच्या हाती ती होती आणि अनेक मूलनिवासी योद्ध्यांनीही ती आपलीशी केली होती.

खरी कसोटी नळीची

लोखंडाची पट्टी भट्टीत तापवायची, सळईभोवती वळवायची आणि कडा घणाने ठोकून एकजीव करायच्या. हा सांधा थोडा थोडा करत पुढे सरकतो. एका जागी कच्चा राहिला, तर बंदूक उडवणाऱ्याच्या तोंडाशीच फुटण्याची भीती. मग आतून भोक साफ आणि सरळ करायचे, बाहेरून कानशीने आठ पैलू पाडायचे.

त्यानंतर येतात पिळाच्या खाचा. ‘रायफल’ हे नावच या खाचांवरून पडले. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते. यंत्राशिवाय असा पीळ पाडायचा कसा? उत्तर इतके साधे आहे की आजच्या इंजिनीअरलाही हेवा वाटावा. लाकडी दंडगोलावर आधीच पीळ कोरलेला असतो. तो पुढेमागे ओढला की फिरतो आणि त्याला जोडलेल्या गजाच्या टोकावरचे छोटे पाते नळीच्या आत तोच पीळ उमटवते. एका ओढीत निघतो तो जेमतेम केसाएवढा कीस. पाते काही काढेनासे झाले, की त्याच्याखाली कागदाचा कपटा सारायचा आणि पुन्हा ओढायचे. बहुतेक नळ्यांत सात खाचा असत.

काजळी कशासाठी?

दस्ता लहरदार रेषांच्या मेपलचा. त्यात नळी आणि चकमकीचे यंत्र असे बसले पाहिजे की मध्ये फट दिसू नये. त्यासाठी धातूच्या भागाला काजळी लावून तो लाकडात दाबतात. जिथे काळा डाग उमटला, तिथे लाकूड अजून जास्त आहे; पटाशीने तेवढेच तासायचे आणि पुन्हा दाबायचे. हे किती वेळा, याला गणती नाही. अशी एक रायफल पुरी व्हायला शेकडो तास लागतात आणि त्यातला मोठा वाटा या बसवाबसवीत जातो.

चकमकीचे काम दिसते तेवढे सोपे नाही. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणगी रंजकावर पडते आणि तिथून आग बारीक छिद्रातून नळीत जाते. एकही स्प्रिंग कमीजास्त कडक झाली, तर ठिणगी पडत नाही किंवा पडून उपयोग होत नाही.

सगळे खरेच एकट्याने?

इथे थोडी दंतकथा आहे. त्या काळातले अनेक बंदूककार चकमकीची यंत्रे इंग्लंड-जर्मनीहून आलेली विकत घेत. काही जण नळ्याही बाहेरून आणत. म्हणजे गसलरने जे केले, ते मूळ कारागिरांपैकी कित्येकांनी रोज केलेच नसेल. तरीही सगळे भाग एकमेकांत बसवायचे काम त्यांनाच करावे लागे, कारण भागांना ठरलेले माप नव्हते.

हे बदलले ते कारखान्यांत. हार्पर्स फेरी येथे जॉन हॉलने १८२० च्या दशकात सुटे भाग अदलाबदल करता येतील अशा रायफली यंत्रांवर बनवून दाखवल्या. हाताने घडवलेल्या रायफलीत ही सोय नाही. एकाच कारागिराच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या, तरी एकीचा स्क्रू दुसरीला लागेलच असे नाही. स्प्रिंग मोडली, तर त्या एका बंदुकीपुरती ती नव्याने घडवायची. म्हणूनच गावोगावच्या बंदूककारांच्या दिवसाचा मोठा भाग नवी रायफल करण्यात नव्हे, तर जुन्या दुरुस्त करण्यात जात असे.