मॅरेक्स रोग : प्रयोगशाळेतली सहा दशके

1907 साली बुडापेस्टचे पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी पाय लुळे पडलेल्या चार कोंबड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगात मज्जातंतू सुजतात आणि यकृत, प्लीहा, अंडाशयात गाठी होतात, हे पुढे कळले. 1960च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या फार्मांवर त्याने कळपच्या कळप मरू लागले. तरी कारण सापडेना. आजारी पक्ष्याचे रक्त टोचले की रोग होई. त्यातल्या पेशी गाळून काढल्या की होत नसे.

हा गुंता 1967 साली इंग्लंडच्या हॉटन कुक्कुट संशोधन केंद्रात सुटला. चर्चिल आणि बिग्ज यांनी पिल्लांच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांवर आजारी पक्ष्यांच्या जिवंत पेशी सोडल्या. काही दिवसांत पेशींच्या थरात ठिकठिकाणी बिघाड दिसू लागला. कारण होते हर्पीस कुळातला विषाणू. तो पेशीबाहेर न पडता शेजारच्या पेशीत शिरतो, म्हणूनच गाळलेले रक्त निरुपद्रवी ठरत होते. पिसांच्या मुळाशी मात्र तो पूर्ण तयार होऊन कोंड्यावाटे बाहेर पडतो, हे 1970 साली कॅल्नेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. शेडमधली धूळ रोग का पसरवते, हे तेव्हा उमगले.

मूत्रपिंडाच्या त्याच पेशींत विषाणू पुन्हा पुन्हा वाढवला, तेव्हा त्याची रोग करण्याची शक्ती ओसरली. 1969 साली त्यातून लस निघाली. पाठोपाठ अमेरिकेत टर्कीच्या निरुपद्रवी हर्पीस विषाणूची आणि 1972 साली नेदरलँड्समध्ये रिस्पेन्स यांची लस आली. कोणत्याही प्राण्यात कर्करोग रोखणाऱ्या या पहिल्या व्यावहारिक लसी. यांतल्या बहुतेक लसींत विषाणू जिवंत पेशींतच ठेवावा लागतो. म्हणून त्या उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवतात आणि हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लांना टोचतात.

या लसी गाठी रोखतात, संसर्ग नाही. लस घेतलेला पक्षी जगतो, पण विषाणू पसरवत राहतो. पुढच्या दशकांत विषाणूचे अधिक जहाल वाण आले. असे वाण लस न घेतलेल्या पक्ष्याला इतक्या लवकर मारतात की ते फारसे पसरत नाहीत. लस घेतलेल्या कळपात मात्र त्यांना वाट मिळते, हे 2015च्या प्रयोगांत दिसले.

म्हणून लस सोडू नये, पण तिच्यावरच विसंबूही नये. पिल्लांचा नवा लॉट आणण्याआधी जुने लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) काढा, शेड धुऊन निर्जंतुक करा आणि लहान पिल्ले मोठ्या पक्ष्यांपासून दूर ठेवा.