भूत नव्हे, गरिबाची लेक!

चीनमधील एका नाटकाची गोष्ट आम्ही सांगतो. १९४५ साली येनान येथे कम्युनिस्टांनी ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. कर्जापायी जमीनदार गरीब कुळाची मुलगी ओढून नेतो, तिची अब्रू लुटतो. ती डोंगरात पळते. हालअपेष्टांनी तिचे केस पांढरे होतात. देवळातला नैवेद्य खाऊन ती जगते आणि गावकरी तिलाच देवी समजून भितात! शेवटी क्रांतिसेनेचे लोक शोध घेतात, तेव्हा कळते, हे भूत नव्हे, नाडलेली बाई आहे.

माओने १९२७ च्या हुनान अहवालात लिहिले होते की, राज्य, कुळ आणि धर्म यांच्या सत्तेखाली पुरुष दबलेला आहे. स्त्रीवर नवऱ्याची चौथी सत्ता. १९५० च्या विवाह कायद्याने बळजबरीची लग्ने व रखेली ठेवणे बंद केले. विधवेच्या पुनर्विवाहात आडवे येण्यास मनाई केली.

हे चांगलेच झाले. पण १९६६ मध्ये त्याच पक्षाच्या वृत्तपत्राने विरोधकांना ‘भुते-पिशाच्चे’ ठरवले. शिक्षकांच्या धिंडी निघाल्या, बुद्धविहार फोडले गेले, भिक्खूंची चीवरे उतरवली गेली.

भुतात माणूस शोधणाऱ्यांनीच माणसांना भूत ठरवले! आम्हाला वाटते, अंधश्रद्धा विचाराने जाते, दंडुक्याने नव्हे.