छपराचा खर्च आणि कारागिराची निवड

घराच्या सर्व भागांत छपराची आठवण माणसाला सर्वांत उशिरा होते. भिंतीला तडा गेला तर तो दिसतो, दाराची चौकट फुगली तर ती रोज अडते. छपराचा वासा मात्र वाळवीने आतून पोखरला जात असतानाही वर्षानुवर्षे मुकाट्याने भार वाहत राहतो, आणि आषाढातल्या एखाद्या रात्री अंथरुणावर पाणी ठिबकू लागले म्हणजेच त्याचे दुखणे कळते. अशा वेळी जो कारागीर हाती लागेल त्याला घाईने बोलावले जाते. तो अंगणात उभा राहून वर पाहतो, तोंडी एक आकडा सांगतो, आणि काम संपेपर्यंत तो आकडा दीडपट होतो. ही वाढ नेहमी लबाडीचीच असते असे नाही. पुष्कळदा छप्पर म्हणजे नेमके किती, याविषयीची घरधन्याच्या व कारागिराच्या मनातील मापेच भिन्न असतात.

केरळपासून मंगळूर, गोवा व कोकणापर्यंत पसरलेल्या पश्चिम किनाऱ्यावरील साधे कौलारू घर उदाहरणादाखल घ्यावे. घर ३० फूट लांब व २० फूट रुंद आहे. घरधनी म्हणतो, ‘माझे घर ६०० चौरस फुटांचे.’ ते खरेच आहे. पण छप्पर ६०० चौरस फुटांचे नाही. भिंती भिजू नयेत म्हणून वळचण चारी बाजूंनी दोन-दोन फूट पुढे काढलेली असते. त्यामुळे लांबी ३४ फूट व रुंदी २४ फूट होते, आणि जमिनीवर मोजलेले क्षेत्र ८१६ चौरस फुटांवर जाते. त्यात छपराला उतार असतो. ३० अंशांच्या उताराचे पाखे मोजावयाचे तर या क्षेत्राला ०.८६६ ने भागावे लागते. उत्तर येते सुमारे ९४२ चौरस फूट. म्हणजे ज्याला घरधनी ६०० समजत होता त्याच्या दीडपटीहूनही अधिक. घर दुपाखी असो वा चौपाखी, उतार सर्व बाजूंना सारखा असेल तर हे क्षेत्र बदलत नाही, ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटते. चौपाखी घराला खर्च अधिक लागतो तो क्षेत्रामुळे नव्हे. चार कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या कडांवर कौले तिरपी कापावी लागतात, त्यांत नासधूस होते, आणि त्या कडांवर बसवावयाची कौलेही जास्त लागतात, म्हणून.

मंगळुरी कौलांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. एकमेकांत खोबणीने अडकणारे कौल फ्रान्समधील आल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढले. त्या धर्तीचे कौल १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट याने नेत्रावतीकाठच्या मातीपासून तयार करण्यास आरंभ केला. त्याआधीची हाताने वळलेली नळीची कौले दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उतरवून पुन्हा शाकारावी लागत. माकडे, मांजरे आणि वारा त्यांची घडी विसकटून टाकीत. खोबणीच्या कौलांनी हा वार्षिक खर्च पुष्कळच कमी केला. आज त्या किनाऱ्यावरील कौलांचे अनेक कारखाने बंद पडले आहेत, आणि त्याचा परिणाम जुन्या घराच्या दुरुस्तीवर कसा होतो ते पुढे दिसेलच.

एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ मंगळुरी कौले लागतात. ९४२ चौरस फूट म्हणजे साडेसत्याऐंशी चौरस मीटर. तेव्हा सुमारे १,३१५ कौले, आणि फुटतूट धरून १,४०० च्या आसपास. एका कौलाचे वजन २ ते ३ किलो असते. अडीच किलो धरले तर छपरावर सव्वातीन टनांचा भार होतो, आणि कौल पावसात पाणी पिते तेव्हा तो आणखी वाढतो. भारतीय मानकाप्रमाणे कौलाने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. याची परीक्षा घरी सहज करता येते. कोरडे कौल तोलावे, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावे, पुसून पुन्हा तोलावे. अडीच किलोचे कौल तीन किलोंच्या पुढे गेले तर ते कच्चे भाजलेले आहे असे समजावे. बोटाच्या पेराने वाजविले असता चांगले कौल खणखणीत बोलते. चिरलेले कौल बद्द वाजते. दुकानदाराने दिलेल्या कोणत्याही हमीपेक्षा हा आवाज अधिक विश्वसनीय.

या भाराचा विचार जुने छप्पर बदलताना फार महत्त्वाचा ठरतो. ‘कौलांची कटकट नको, वर स्लॅबच टाकू’ असा सल्ला गावोगाव मिळतो. चार इंच जाडीच्या सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो असते. वरील घरावर तो टाकला तर भार १९ टनांच्या घरात जातो. ज्या मातीच्या वा चिऱ्याच्या भिंतींनी आजवर तीन-चार टन पेलले, त्या सहापट भार पेलतील काय, हे पाया पाहिल्यावाचून कोणीही सांगू शकणार नाही. आणि जो कारागीर पाया न पाहता ‘पेलतील’ असे सांगतो त्याला तेथेच निरोप द्यावा. याउलट पन्हळी पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला पाचएक किलोच भरते. भिंतींना त्याचा त्रास नाही. त्याचा त्रास वेगळाच आहे, आणि तो वाऱ्याचा.

वारा छपराला ढकलतो अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः तो छपराला पुष्कळदा उचलतो. वारा घरावरून जाताना वळणावर त्याचा वेग वाढतो, तेथील हवेचा दाब कमी होतो, आणि घराच्या आतली हवा छपराला वर लोटते. दारे-खिडक्या उघड्या राहिल्या तर हा जोर आणखी वाढतो. हिशेब सोपा आहे : वाऱ्याचा वेग सेकंदाला जितके मीटर असेल त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणिले असता दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब १,१६० न्यूटन, म्हणजे सुमारे ११८ किलोंच्या भाराइतका येतो. पुण्याचा वेग ३९ व ओडिशाच्या किनाऱ्यावरील पुरीचा ५० मीटर आहे. त्यांचे दाब अनुक्रमे ९३ व १५३ किलो होतात. वेग सव्वापटीने वाढला तर दाब दीडपटीहून अधिक वाढतो, हे येथे ध्यानात ठेवावे. छपराच्या मध्यभागी उचल याहून कमी असते. वळचण, आढे आणि पाख्यांच्या कडा येथे ती याहूनही अधिक होऊ शकते. आता एका बाजूला शंभर किलोंच्या आसपास उचल व दुसऱ्या बाजूला पाच किलोंचा पत्रा, असा हा सामना आहे. पत्र्याला जागेवर ठेवते ते त्याचे वजन नव्हे. त्याला वाशांशी, वाशांना तुळईशी आणि तुळईला भिंतीशी जखडणारे खिळे, आकडे व पट्ट्या. सबंध छपराच्या खर्चात यांचा वाटा अगदी किरकोळ असतो, आणि कंत्राटदार काटकसर करावयाची झाली तर नेमकी येथेच करतो, कारण काम पुरे झाल्यावर ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील हजारो घरांची कौले व पत्रे उडून गेले. मोसमी पाऊस तर उंबरठ्याशी येऊन ठेपला होता. अशा प्रसंगी एकाच आठवड्यात सबंध तालुक्याला पत्रे हवे असतात, सुतार हवे असतात, आणि मिळेल त्या दराने मिळेल ते काम करून घेण्यावाचून गत्यंतर नसते. छपराचे काम माघ-फाल्गुनात काढावे, हा जुन्या लोकांचा परिपाठ केवळ कोरड्या हवेसाठी नव्हता. तेव्हा कारागिराला सवड असते आणि घरधन्याला नकार देता येतो.

कारागिराची पारख त्याच्या बोलण्यावरून करण्यात फारसा अर्थ नाही. त्याने तीन-चार पावसाळ्यांपूर्वी केलेले एखादे छप्पर जाऊन पाहावे. गेल्या वर्षीचे छप्पर सर्वांचेच चांगले दिसते. भर दुपारी त्या घरात शिरून, दारे लावून वर पाहावे. ज्या छिद्रातून उजेड येतो त्यातून पाणीही येते. पन्हळी पत्रा असेल तर छिद्रे पन्हळीच्या उंचवट्यावर पाडली आहेत की खोलगट भागात, हे बघावे. पाणी खोलगट भागातून वाहते. तेथे पाडलेले छिद्र आज ना उद्या गळणारच. कौलारू घर असेल तर वळचणीच्या ओळीतील कौले रिपांना तारेने बांधली आहेत काय, हे शिडी लावून तपासावे. वारा पहिला हात त्याच ओळीला घालतो.

यानंतर त्याला आपल्या घरी बोलवावे व तो काय पाहतो याकडे लक्ष द्यावे. जाणता कारागीर अंगणातून दर सांगत नाही. तो माळ्यावर चढतो, टोकदार सळईने वाशांची टोके टोचून पाहतो (लाकूड कुजते ते प्रायः भिंतीत शिरलेल्या टोकाशी), दोन-चार कौले काढून रिपा चाचपतो, आणि मग म्हणतो की एवढे वासे बदलावेच लागतील, आणि आणखी किती ते कौले उतरविल्यावरच कळेल. हे उत्तर घरधन्याला अनिश्चित व म्हणून संशयास्पद वाटते. परंतु प्रामाणिक उत्तर तेच आहे. यावर उपाय असा की लाकडाचा दर घनफुटाप्रमाणे आरंभीच स्वतंत्रपणे ठरवावा, आणि बदललेला प्रत्येक वासा खाली उतरवून घरधन्याला दाखविला जावा. ‘सगळे मिळून अमुक रुपये’ असे ठोक सांगणारा कारागीर वरकरणी सोयीचा भासतो. पण त्याने अज्ञात लाकडाचा धोका दरात मिळविलेला असतो, किंवा कुजका वासा तसाच ठेवण्याचा बेत तरी केलेला असतो.

मोजमापाची रीत कागदावर उतरविणे हे तितकेच आवश्यक आहे. भारतीय मानकाप्रमाणे छपराचे आच्छादन सपाट मोजले जाते. पत्र्यांच्या जोडांवरील दुपदरी भाग व पन्हळींचे चढउतार जमेस धरले जात नाहीत. कित्येक कारागीर मात्र वापरलेल्या पत्र्यांचे क्षेत्र मोजतात. आठ फुटी पत्रा पुढच्या पत्र्यावर सहा इंच चढला तर लांबीचा सोळावा हिस्सा दोनदा मोजला जातो. बाजूला दोन पन्हळींचा जोड असेल तर हा दुहेरी भाग एकंदर पाचव्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा दर चौरस फुटाला कमी सांगणारा अखेर महाग पडतो, यात नवल नाही. दर वाजवी आहे की नाही हे पाहण्यासाठी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची उपलब्ध असते. खेड्यातील एका घराच्या लहान कामाला तो दर जसाच्या तसा लागू पडत नाही, तरी दोन कारागिरांच्या आकड्यांत मोठी तफावत पडल्यास कोणाचा आकडा वावगा आहे हे तीवरून उमजते.

पत्रा घेताना जाडीबरोबर जस्ताच्या लेपाचीही चौकशी करावी. दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्ताचा पत्रा व २७५ ग्रॅम जस्ताचा पत्रा दुकानात सारखेच चकाकतात. खाऱ्या वाऱ्यात मात्र पहिला फार लवकर गंजतो. हा आकडा बिलावर लिहून घ्यावा.

जुने छप्पर ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचे असेल तर ते उतरविताना विशेष दक्षता हवी. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगास कारण होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पत्रे अखंड असताना तंतू बाहेर फारसे येत नाहीत. ते फोडले, करवतले किंवा वरून खाली फेकले म्हणजे सूक्ष्म धूळ उडते व श्वासावाटे फुप्फुसात जाते. म्हणून पत्रे पाण्याने भिजवून, पेच सोडवून, एकेक अखंड उतरवावेत. कामकऱ्यांनी सूक्ष्म धूळ अडविणारा मुखपट्टा वापरावा, साधा रुमाल पुरत नाही. आणि तुकडे वाटेवर भर घालण्यासाठी वापरू नयेत. हे पत्रे ठिसूळ असल्याने त्यांवर पाय देणारा माणूस आरपार खाली येतो. वाशांवर फळी टाकून तिच्यावरूनच वावरणारा व माणसाच्या कमरेला दोर बांधणारा कारागीर थोडे अधिक पैसे मागत असेल तर ते द्यावेत. ज्याला आपल्या गड्याच्या जिवाची पर्वा नाही तो दुसऱ्याच्या घराची काळजी वाहील, हे संभवत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : काही माल येऊन पडल्यावर, काही लाकूडकाम पुरे झाल्यावर, काही आच्छादन झाल्यावर, आणि दहावा हिस्सा पहिला जोराचा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवावा. ही अट आधी लिहिलेली असेल तर चांगला कारागीर तिला हरकत घेत नाही. उतरविलेल्या जुन्या कौलांवर मालकी कोणाची, हेही त्याच कागदावर असावे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडाथोडा फरक असतो, त्यामुळे एकाची खोबणी दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. आणि कारखाना बंद पडला असेल तर त्याच्या छापाचे कौल बाजारात शोधूनही सापडत नाही. तेव्हा जुन्यांतली धड कौले निवडून घराच्या एकाच पाख्यावर एकत्र बसवावीत, नवी दुसऱ्या पाख्यावर घालावीत, आणि दोन्ही छापांची पन्नास-पन्नास कौले माळ्यावर उभी रचून ठेवावीत.