सॅलरी स्लिपमधले 200 रुपये आणि मावशीचा नमुना 4

हा भाग ऐकायला ज्यांना वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच.

आधी एक काम करा. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर सॅलरी स्लिप उघडा. कपातीच्या रकान्यात पीएफच्या आसपास 'पी.टी.' असं काहीतरी दिसेल. समोर 200. फेब्रुवारीची स्लिप असेल तर 300. नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं मला वाटायचं, हा इन्कम टॅक्सचाच कुठलातरी लहान भाऊ असणार. कधी विचारलंच नाही. एवढ्या पैशात हल्ली पिझ्झासुद्धा येत नाही, कोण विचारणार?

हा व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो 1975 पासून आहे, आणि तो लावला त्याचं कारण कायद्याच्या नावापुढेच दिलेलं आहे : रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणं. म्हणजे शहरात ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याच्याकडून थोडं घ्यायचं आणि गावात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम द्यायचं. वसुलीचा खर्च वजा जाता हा पैसा रोजगार हमी निधीत जातो. राज्य सरकारने त्यात स्वतःची तेवढीच भर घालायची, असंही कायद्यात आहे. ज्यांचं दुकान किंवा ऑफिस स्वतःच्या मालकीचं आहे त्यांनी मालमत्ता कराचं बिल बघा, त्यातही 'रोजगार हमी कर' अशी वेगळी ओळ सापडेल.

आता फेब्रुवारीत 300 का? राज्यघटनेच्या कलम 276 ने या कराला वर्षाला 2500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. 200 गुणिले 12 म्हणजे 2400. उरलेले 100 फेब्रुवारीत. बस, एवढंच गुपित. पण ही मर्यादा 1988 साली ठरलेली आहे. त्या वेळचे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यातला फरक आपल्या आईवडिलांना विचारा. शिवाय महिना दहा हजारांच्या थोडं वर कमावणारा पुरुष सिक्युरिटी गार्ड आणि लाखांत कमावणारा त्याच्या बिल्डिंगमधला मॅनेजर, दोघांचे 2500 च. (बायकांना 25 हजार पगारापर्यंत माफी आहे. 2023 पासून ही मर्यादा वाढवली, ते बरं केलं.) मला हे अन्यायाचं वाटतं, पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

मुद्दा हा की ही कल्पना आली कुठून. सांगली जिल्ह्यातलं तासगाव, तिथलं विसापूर. वि. स. पागे हे तिथले, विधान परिषदेचे अनेक वर्षं सभापती. 1965 च्या सुमारास त्यांनी आपल्याच भागात प्रयोग सुरू केला : ज्याला काम हवं त्याला काम, आणि त्या कामातून गावात टिकणारं काहीतरी उभं राहिलं पाहिजे. बांध, विहीर, रस्ता. मग 1972 चा दुष्काळ आला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. माझी आजी त्या वेळी खडी फोडायला जायची. सुकडी आणि मिलो हे दोन शब्द तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत की ते खाल्ल्यासारखंच वाटतं. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्या आकड्याने सरकारला जे दिसलं ते दिसलंच, पण त्यातून महत्त्वाची गोष्ट ही झाली की काम देणं ही दुष्काळापुरती मदत न राहता कायमची योजना झाली. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, 2005 साली आला, आणि तो करताना महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

योजना आणि हमी यात फरक काय, हे मला समजायला वेळ लागला. योजनेत सरकार ठरवतं : एवढा निधी, एवढी कामं, एवढे लाभार्थी. हमीत मागणारा ठरवतो. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की 15 दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता. उत्पन्नाचा दाखला नको, कुणाची शिफारस नको. श्रीमंत माणूस उन्हात खड्डे खणायला येणारच नाही, त्यामुळे गरजू कोण हे शोधायला वेगळी समिती लागत नाही. ठेकेदाराला बंदी. पुरुष आणि बाई दोघांना एकच दर, कारण मजुरी मोजमापावर. आणि कामावर पाणी, सावली, लहान पोरांना सांभाळायची सोय.

हे वाचायला साधं वाटतं. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकलंय, जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिच्यासाठी काम मागायची जागा बहुतेक एकच असते : गावातला शेतमालक. तो जो दर सांगेल तो. दुसरीकडे कुठेतरी काम मिळू शकतं एवढं नुसतं माहीत असलं तरी त्या दारातलं बोलणं बदलतं. ऊसतोडीला पोरं शाळेतून काढून घेऊन जायचं की गावातच राहायचं, हेही त्यावर ठरतं. आपल्या 200 रुपयांचा खरा उपयोग मला इथे दिसतो, मजुरीच्या रकमेपेक्षाही जास्त.

आता मावशीची गोष्ट. ती विधवा आहे, मराठवाड्यातल्या एका गावात राहते, जमीन नाही. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात फोनवर सहज म्हणाली, "तीनदा सांगून आले कामाचं. काम निघालं की कळवतो म्हणतेत."

मी विचारलं, "मावशी, लिहून दिलंस का?"

"लिहून कशाला? तोंडाने सांगितलं की रे."

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. आमच्याकडे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवली की ती किती वाजता पोचली याची नोंद होते, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. नोंदच नसेल तर उशीर झाला हे सिद्ध करता येत नाही, कारण उशीर कशापासून मोजणार? 15 दिवसांच्या हमीचंही तसंच आहे. मागणीचा अर्ज म्हणजे नमुना 4, आणि त्याची तारीख घातलेली पोच. पोच नाही तर पंधरावा दिवस उजाडतच नाही. कागदोपत्री त्या गावात कुणी काम मागितलेलंच नसतं, म्हणून कुणाला नाकारलेलंही नसतं. रोहयोतल्या बोगस मस्टरबद्दल, खोट्या नावांवर उचललेल्या मजुरीबद्दल आपण पेपरात वाचतो. तो भ्रष्टाचार दिसतो तरी. न दिलेली पोच कुठेच दिसत नाही.

मावशी आणि तिच्या वस्तीवरच्या आणखी बायका अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या. अर्ज घेतले, पोच दिली नाही. "कागद द्यायला कोण बसलंय रे तिथं?" ती फोनवर वैतागून म्हणाली. मग त्या तालुक्याला गेल्या, कारण अर्ज तहसील कार्यालयातही देता येतो. एक दिवस बुडाला, एसटीचं भाडं गेलं. पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मिळाली. तेराव्या दिवशी बांधबंदिस्तीचं काम निघालं.

टाळ्या वाजवू नका, गोष्ट संपलेली नाही. हजेरी आता मोबाईल ॲपवर होते. कामाच्या जागी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा आणि चढवायचा. 2021 मध्ये हे आणलं, 2023 च्या जानेवारीपासून सक्तीचं केलं. बोगस हजेरी थांबवायला म्हणून कल्पना चुकीची नाही. पण मोजमापावर मजुरी असताना उन्हाच्या आधी काम उरकून घरी जायची सोय होती, ती दुसऱ्या फोटोने गेली. आणि डोंगराच्या कडेला रेंज नसली की फोटो जात नाही. आमच्या टीममध्ये कुठलंही फीचर बाहेर सोडण्याआधी विचारतात : हे बंद पडलं तर भुर्दंड कुणाला? मावशीच्या बाबतीत उत्तर सरळ होतं. मुकादमाच्या फोनला दोन दिवस रेंज नव्हती. माती तिने उचलली होती, बांध जागेवर उभा होता, हजेरी मात्र लागली नाही. बाकीच्या दिवसांची मजुरी खात्यात आली, तीही उशिराने. ती दोन दिवसांची आली नाही.

तुमच्या गावाकडे कुणी असं काम मागत असेल तर फोन करून एवढंच विचारा की अर्जाची पोच आहे का. भाचा, पुतण्या, नात, कुणीही विचारू शकतं. नमुना 4 भरायला अर्धा तास पुरतो, आणि लिहिता न येणाऱ्याला तो भरून देणारं घरातलं शिकलेलं माणूस बहुतेक वेळा शहरात, फोनवर रील्स बघत बसलेलं असतं. मीही तसाच होतो.

मावशीने ती शिक्क्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाबरोबर ठेवली आहे. बुडालेल्या दोन दिवसांच्या मजुरीसाठी तिने पुन्हा अर्ज केलाय. परवा फोन केला तर म्हणाली, "दिला बाबा अर्ज. आणि ह्या वेळी तारीख टाकून घेतल्याशिवाय खुर्चीसमोरून हलले नाही."